लाइन बघून येतो

सिनेमा लागून तीन दिवस झाले होते आणि गल्लीत प्रत्येकाचं त्यावर मत तयार होतं. ज्याचं नव्हतं त्याला औषधवाला खोकल्याच्या बाटलीबरोबर स्वतःचं देत होता.

"पहिला भाग फार रेंगाळलाय," तो काउंटरवरून सांगायचा. "बालपण, शाळा, आईचं रडणं, पाऊण तास त्यातच गेला. पण एकदा का ते डोंगरावरचं ठाणं आलं, की हातातला पुडा हातातच राहिला बघा. ही गोळी जेवल्यावर घ्यायची."

पार्लरवालीचं म्हणणं वेगळं होतं. "तीन दिवस बर्फात अडकलेल्या माणसाच्या भुवया इतक्या रेखीव? मला नका सांगू. माझा धंदा आहे तो."

"पण रडलीस की नाही?"

"रडले. म्हणून काय भुवया दिसल्या नाहीत?"

भुवयांवर मतभेद होते, गाण्यांवर होते. खऱ्या सैनिकाची खरी गोष्ट म्हटल्यावर त्यात गाणी कशाला, असं म्हणणारेही होते, आणि तीच गाणी गुणगुणणारेही तेच होते. थिएटरवाल्यांनी दाराशी एक लांबच लांब पांढरं कापड टांगलं होतं आणि दोरीला मार्कर बांधून ठेवला होता, प्रेक्षकांनी बाहेर पडताना मत लिहावं म्हणून. त्यावर 'सलाम' होतं, 'खुर्च्या मोडक्या आहेत' होतं, 'एकदा बघायला हरकत नाही' होतं. आणि मधोमध, ठसठशीत अक्षरात, 'मास्तरला फाशी द्या'.

मास्तरवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

हा मास्तर म्हणजे सिनेमातला दुसरा माणूस. ठाण्यावर दोघंच उरलेले असतात, एक आपला हिरो आणि दुसरा हा, टेलिफोनची लाइन सांभाळणारा. सगळे त्याला मास्तरच म्हणतात. लाइन तुटते. खालून मदत मागवायची तर ती जोडायला हवी. मास्तर कोटाची बटणं लावतो, हिरोच्या डोळ्याला डोळा न देता म्हणतो, "मी लाइन बघून येतो." आणि येत नाही. हिरो तीन दिवस एकटा लढतो आणि मरतो. शेवटी त्याला खाली तळावर आणतात, तेव्हा शेकोटीपाशी एक माणूस ब्लँकेट पांघरून कपातून काहीतरी गरम पीत बसलेला दिसतो. पाठमोरा. कॅमेरा त्याच्या तोंडाकडे जातच नाही. तिथे अख्खं थिएटर दातओठ खातं.

ते वाक्य गल्लीनं उचललं. घरात भांडी घासायची पाळी आली की, "मी लाइन बघून येतो." पाहुणे नको तितके बसले की यजमान उठून, "मी जरा लाइन बघून येतो."

आता अडचण अशी की आमच्या गल्लीतही एक मास्तर होते. आणि ते सैन्यात होते.

*

मास्तर शिंपी होते. शिंप्याला सगळीकडे मास्तरच म्हणतात, त्यात कुणाला कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर मास्तरांना पोट आत घ्यावं लागायचं. मध्ये कापायचं टेबल. एका बाजूला मास्तर, एका बाजूला त्यांची बायको, आमच्या काकू. मास्तर कापायचे, मशीन मारायचे. काजं, बटणं, तुरपाई काकूंकडे. मास्तरांची शिलाई झाली की ते शर्ट टेबलावरून भिरकावायचे आणि काकू मान वर न करता तो झेलायच्या. चाळीस वर्षांत एकही शर्ट जमिनीवर पडला नाही, असं काकू सांगायच्या. एक पडला होता, असं मास्तर सांगायचे.

मशीन भिंतीकडे तोंड करून होतं, कारण उजेडाची खिडकी तिकडे. त्यामुळे रस्त्यावरून जाताना आम्हाला दिसायची ती मास्तरांची पाठ. आणि पाठीच्या वर, भिंतीवर, त्यांचा सैन्यातला फोटो: गालफडं बसलेला पोरगेला चेहरा, डोक्यावर टोपी, टोपीवर बिल्ला. दोन फांद्या आणि मध्ये किल्ली.

लढाईबद्दल ते कधी बोलत नसत. एकदा शाळेनं भाषणाला बोलावलं होतं, तेव्हा ते फक्त थंडीबद्दल बोलले. बुटाच्या नाड्या कशा काचेसारख्या तुटतात, सुई बोटाला कशी चिकटते, श्वास मफलरवर कसा गोठतो. थंडी त्यांनी इतकी खरी सांगितली, की त्यापुढचं कुणी विचारलंच नाही. डाव्या तळव्यावर एक लांब व्रण होता. लग्न नवीन होतं तेव्हा काकूंनी विचारलं होतं, हे काय झालं. ते म्हणाले होते, "तिकडचं आहे." काकूंनी तो व्रण जपला. भाजी चिरताना सुरी त्यांच्या हाती देत नसत. गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की त्यांना मास्तरांचा हात दाखवायच्या, आणि आवाज खाली आणून सांगायच्या, "तिकडचं आहे."

सिनेमाचं पोस्टर नाक्यावर लागलं. पोस्टरवर हिरोच्या टोपीवर बिल्ला होता. दोन फांद्या, मध्ये किल्ली.

त्याच आठवड्यात मास्तरांनी भिंतीवरचा फोटो उतरवला.

*

पहिल्यांदा कुणाच्या मनात पाल चुकचुकली असेल तर औषधवाल्याच्या. तो पँट घेऊन आला, दोन बोटं आखूड करायची म्हणून. मास्तरांनी त्याला लाकडी खोक्यावर उभं केलं आणि स्वतः गुडघे टेकून खाली बसले. तोंडात टाचण्या. औषधवाल्यानं वेळ बरोबर साधली होती. टाचण्या तोंडात असलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, नुसता ऐकतो.

"सिनेमा बघितला का, मास्तर?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"थिएटर तर पाच मिनिटांवर. आणि तुम्ही त्याच युनिटचे. म्हणजे बिल्ला तोच आहे, म्हणून म्हटलं."

मास्तरांनी तोंडातली एक टाचणी काढून कापडात खोचली.

"फोटो कुठे गेला हो?"

भिंतीवर जिथे फोटो होता तिथे फिकट चौकोन उरला होता. भोवतालची भिंत इतक्या वर्षांच्या इस्त्रीच्या वाफेनं पिवळी पडलेली, आणि मध्ये तो कोरा चौकोन. फोटो होता तेव्हा कुणी बघत नसे. आता प्रत्येक गिऱ्हाईक तिकडेच बघायचं.

मास्तरांनी शेवटची टाचणी लावली. "फ्रेम ढिली झाली होती."

"कधी?"

"झाली."

"पोस्टर लागलं त्याच आठवड्यात झाली म्हणायची."

मास्तर टेबलाला धरून उठले. "तुमचा उजवा पाय डाव्याहून अर्धा बोट आखूड आहे. इतकी वर्षं मी कुणाला बोललो नाही. शनिवारी या."

औषधवाला हसला, पण खोक्यावरून उतरताना स्वतःच्या पायाकडे बघत उतरला. काउंटरवर पोचल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाला त्याने सांगितलं, "कुठेतरी पाणी मुरतंय."

मग आम्हाला सगळ्यांनाच एकेक आठवायला लागलं. फटाका वाजला की मास्तर दचकत नाहीत; सैनिक कसा, दचकायला हवा. सैन्यातला एकही मित्र कधी दुकानात आलेला आम्ही पाहिला नाही. टपालानं कधी काही आलं नाही. आणि ती पाठ. सिनेमातला शेवटचा तो पाठमोरा माणूस, खांदे जरा पुढे झुकलेले, मान डावीकडे. पार्लरवालीनं आरशातूनच मास्तरांकडे बघून सांगितलं, "खांदे तेच आहेत. माणसाचं काहीही बदलतं, खांदे नाही." मास्तरांना आम्ही कायम पाठमोरंच बघत आलो होतो, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त मास्तर दुकानाबाहेर पाय मोकळे करायला आले, की पानपट्टीवर कुणीतरी हळूच म्हणायचं, "लाइन बघायला निघाले."

त्यांनी ऐकलं असणार. पण मास्तरांना भीती गल्लीची नव्हती. टेबलाच्या पलीकडची होती.

*

काकूंना सिनेमाला नेलं त्यांच्या धाकट्या भावानं. या भावाला गल्लीत साक्षीदार म्हणतात. कुठलंही भांडण असो, कुणाचीही सायकल कुणालाही घासो, हा गर्दीतून पुढे येणार आणि म्हणणार, "मी स्वतः बघितलंय." निवृत्त होईपर्यंत तो एका कचेरीत आवक-जावक टेबलावर होता, आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारण्याची सवय त्याला माणसांवरही लागली होती.

"ताई, तू बघच," तो म्हणाला. "मी दोनदा बघितलाय. मी काही बोलत नाही. तू बघ."

काकू दुपारच्या खेळाला गेल्या. आल्यावर चष्मा पुसला, आपल्या जागी बसल्या, अर्धवट राहिलेलं काज पुढे घेतलं.

मास्तरांनी मशीनवरूनच विचारलं, "कसा होता?"

"थंडी चांगली दाखवलीय," काकू म्हणाल्या.

त्यानंतर चार दिवस त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवण वेळेवर, चहा वेळेवर. पण मास्तरांनी पहिला शर्ट भिरकावला तेव्हा काकूंनी हात पुढे केला नाही. शर्ट टेबलाच्या कडेवरून घसरला आणि खाली पडला. काकूंनी तो उचलला, झटकला आणि घडी घालून टेबलावर ठेवला. पुढचा शर्ट मास्तरांनी स्वतःच घडी घालून ठेवला. मग सगळेच.

साक्षीदार रोज यायचा, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायचा, भावजींच्या पाठीकडे बघायचा.

"ताई, सरळ विचार त्यांना."

"तू काय बघितलंस रे नक्की?"

"मी स्वतः बघितलंय."

"सिनेमाच ना?"

"दोनदा," साक्षीदार म्हणाला.

मशीनचा आवाज एका टाक्यापुरता थांबला आणि परत सुरू झाला.

पाचव्या दिवशी दुपारी काकूंनी शटर अर्धं खाली ओढलं. पुढचं सगळं मला त्यांनीच सांगितलं, पुष्कळ दिवसांनी, एका कोटाला अस्तर लावता लावता. आणि सांगताना मास्तर समोरच होते. जिथे त्यांना पटलं नाही तिथे ते मध्ये बोलले.

"मशीन थांबवा," काकू म्हणाल्या. "आणि इकडे तोंड करा. पाठ पुरे झाली."

मास्तर स्टुलावर वळले.

"तिकडचं म्हणजे कुठलं?"

मास्तरांनी स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. "तळावरचं. कात्री लागली होती."

"शत्रूची?"

"माझी. कापायची कात्री. बोटं गारठली होती, सटकली."

"तुम्ही तळावर काय कापत होतात?"

"कोट." मग एकदा सुरुवात झाल्यावर ते भराभर बोलले. "कोट, पायमोजे, तंबूची भोकं. मी शिलाईच्या तंबूत होतो. वर मी कधी गेलो नाही. ठाणं मी खालून बघितलंय, धुकं नसेल त्या दिवशी. बंदूक चालवायला शिकवली होती. नंतर ती कपाटात असायची आणि किल्ली सुभेदाराकडे."

काकूंनी हातातली सुई पदराला टोचून ठेवली. मग म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं तुमच्या हातात सुरी दिली नाही."

"मी तुला कधी म्हणालो नाही की मी लढलो."

"नाही म्हणालात. लढलो नाही, असंही नाही म्हणालात."

"नाही म्हणालो."

"आणि मास्तर? तिकडे तुम्हाला मास्तर म्हणायचे?"

"नाही. मास्तर मी इथे आल्यावर झालो, दुकान टाकल्यावर."

"मग तिकडे काय म्हणायचे?"

मास्तर टेबलावरचे दोरे गोळा करायला लागले.

"विचारतेय मी."

"बॉबिन," मास्तर म्हणाले.

काकूंच्या दातात दोरा होता. तो त्यांनी काढला. "काय?"

"बॉबिन. मशीनमधली दोऱ्याची फिरकी असते ती. मी बुटका होतो आणि सारखा फिरत असायचो, म्हणून."

"चाळीस वर्षं मी बॉबिनशी संसार केला," काकू म्हणाल्या, "आणि मला नाव आज कळतंय." त्या हसल्या नाहीत. हसू आलं होतं, पण दिलं नाही, असं त्यांनी मला सांगितलं. "मग तो कोण? लाइन बघायला गेलेला?"

"तो खराच मास्तर. शाळामास्तर. शाळा सोडून भरती झालेला. आम्ही घरी पत्रं लिहायचो ना, तर हा ती मागून घ्यायचा आणि लाल पेन्सिलीनं शुद्धलेखन तपासायचा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की पत्र परत. पोरं चिडायची. पण घरच्यांना पत्र जायचं ते स्वच्छ जायचं. त्या पेन्सिलीसाठी मी त्याच्या कोटाला आतून एक खिसा शिवला होता. असा, अरुंद, लांब. माझ्याशिवाय तसा खिसा कुणी शिवला नसता, म्हणून कोट आल्यावर मला कळलं."

"कुठे आल्यावर?"

"माझ्याकडे. कोट कमी होते. वरून जे कोट यायचे, म्हणजे ज्यांना आता लागणार नव्हते त्यांचे, ते धुऊन, दुरुस्त करून परत वाटायचे. तो आला. छातीवर दोन भोकं. आतल्या खिशात पेन्सिल. बाहेरच्या खिशात टेलिफोनची वीतभर वायर, टोकं सोललेली." मास्तरांनी थांबून टेबलावरची चिंधी उचलली, परत ठेवली. "भोकं समोरून होती. लोकरीला कळतं. गोळी ज्या बाजूनं शिरते तिकडचे धागे आत वळतात, जिकडून निघते तिकडचे बाहेर येतात. तो पळत नव्हता. तो तोंड करून होता."

"लाइन जोडली त्यानं?"

"ते मला माहीत नाही. भोकं समोरून होती, एवढंच मला माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीत कुणाला?"

"विचारलं नाही. तळावर बोलणं सुरू झालं की मास्तर पळाला. ज्यांनी कागद लिहिले त्यांनी तसंच लिहिलं असणार. शिंप्याला कोण विचारतं? आणि मी…" त्यांनी हात पुढे केला, व्रणाचा नाही, दुसरा. "मी तोवर रफू करून टाकलं होतं. धाग्यात धागा घालून, अस्तरासकट. सुभेदारानं उजेडात धरून बघितलं, त्याला भोक सापडलं नाही. कोट दुसऱ्या पोराला गेला. माझ्या हातून एवढं बेमालूम काम परत कधी झालं नाही. दाखवायला काही ठेवलंच नाही मी."

काकूंनी खाली बघून दोरा गुंडाळला. आता त्या रडतील आणि सगळं मिटेल, असं मास्तरांना वाटलं असावं. पण काकू आमच्या गल्लीतल्याच होत्या.

"हे तुम्ही आत्ता रचलं नाहीत कशावरून?"

मास्तरांनी मान वर केली.

"चार दिवस होते तुमच्याकडे. आणि जो माणूस चाळीस वर्षं गप्प बसू शकतो, तो चार दिवसांत बरंच काही शिवू शकतो." त्या उठल्या. कपाटातून जुन्या ओव्हरकोटाचा लोकरीचा तुकडा काढला, जाड, दोन्हीकडून सारखा दिसणारा. डब्यातून दाभण घेतली. "तिकडे तोंड करा."

"अगं, गोळी आणि दाभण सारखी नसते."

"लोकर तर तीच आहे ना? वळा."

मास्तर भिंतीकडे वळले, त्या फिकट चौकोनाकडे. मागे काकूंनी तुकडा उशीवर ठेवून दाभण घुसवली, काढली. तुकडा त्यांच्या हातात दिला, डोळे मिटायला लावून. मास्तरांनी अंगठा फिरवला.

"या बाजूनं."

बरोबर. दुसरं भोक. बरोबर. तिसरं त्यांनी उलटसुलट करून दिलं. बरोबर. चौथ्याला मास्तर जरा थांबले, मग म्हणाले, "तू डाव्या हातानं टोचलंस. तिरकं गेलंय. पण बाजू हीच."

काकूंनी खिडकीच्या काचेत आपले हात दिसत नाहीत ना ते बघितलं, कुठे आरसा नाही ना तेही बघितलं. मग पाचव्यांदा टोचलं, आणि जरा वेळ घेतला.

मास्तरांनी अंगठा फिरवला. परत फिरवला. तर्जनीनं बघितलं. शटरखालून कुणाचे तरी पाय थबकून पुढे गेले.

"हे दोन्ही बाजूंनी आहे," ते म्हणाले. "तू एकाच भोकात दोनदा घातलीस. इकडून आणि मग तिकडून. लबाडी आहे ही."

काकूंनी तुकडा परत घेतला. दाभण डब्यात ठेवली. शटर वर केलं.

"उद्या दुपारच्या खेळाला जायचंय आपल्याला," त्या म्हणाल्या. "बटणं असलेला शर्ट घाला."

*

थिएटर अर्धं भरलं होतं, आणि त्यात अर्धी आमची गल्ली. मास्तर आत आल्यावर मागच्या रांगेत कुजबुज झाली ती दिवे गेल्यावरही चालू राहिली. हिरोचं बालपण झालं, शाळा झाली, आई रडली. मास्तर काही बोलले नाहीत. ठाणं आलं तेव्हा काकूंच्या कानाशी म्हणाले, "कोटाची बटणं उलट्या बाजूला आहेत. बायकी कोट आहे तो."

"शू."

लाइन तुटली. पडद्यावरच्या मास्तरनं बटणं लावली. तो तोंड उघडायच्या आत अख्ख्या थिएटरनं एका सुरात म्हटलं, "मी लाइन बघून येतो." आणि हशा. काकूंनी अंधारात शेजारी बघितलं. मास्तर हसणाऱ्यांकडे बघत नव्हते. ते त्या कोटाच्या छातीकडे बघत होते, तो पडद्यावरून जाईपर्यंत.

शेवटी तळ आला. शेकोटी, ब्लँकेट, कप, पाठ. मागून कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं, "खांदे बघा, खांदे."

मास्तर हळूच म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

काकू ताठ झाल्या. "काय बरोबर आहे?"

"तिथे मीच बसायचो. शिलाईच्या तंबूबाहेर शेकोटी असायची, बोटं शेकायला. वरून माणसं खाली आणायचे तेव्हा मी तसाच कप घेऊन बसलेला असायचो. तो मास्तर नाही. तो मी आहे." मग म्हणाले, "फक्त कपाला कान नव्हता. डब्याचा होता."

काकूंनी त्यांचा हात धरला का? मी विचारलं. काकू म्हणाल्या, "नाही. माझ्या हातात पर्स होती." मास्तर समोरून म्हणाले, "पर्स मांडीवर होती."

*

बाहेर त्या पांढऱ्या कापडाशी गर्दी होती. लोक आपापली मतं लिहीत होते, एक जण दुसऱ्याची वाचून त्याखाली 'सहमत' लिहीत होता. काकूंनी रांगेत मास्तरांना पुढे केलं. दोरीचा मार्कर त्यांच्या हातात आला तेव्हा आजूबाजूची बोलणी आपोआप बारीक झाली. औषधवाला होता, पार्लरवाली होती. साक्षीदार तिसऱ्यांदा बघून आला होता.

मास्तरांनी 'मास्तरला फाशी द्या'च्या बरोबर खाली लिहायला घेतलं. कापड हातानं ताणून, शिंपी खडूनं रेघ मारतो तसं, घाई न करता. मार्कर सुकत आला होता, अक्षरं फिकट उमटत होती:

'मास्तरांच्या कोटाला भोकं समोरून होती. ती मी रफू केली. बॉबिन, शिलाईचा तंबू.'

मार्कर सोडून ते बाजूला झाले. लोकांनी वाचलं. कुणीतरी विचारलं, "बॉबिन कोण?" पार्लरवाली म्हणाली, "म्हणजे हे शिवत होते? लढले नाहीत?" तिला कशाचा जास्त राग आला ते तिचं तिलाही कळलं नसावं. औषधवाल्यानं मास्तरांच्या खांद्यांकडे बघितलं, मग स्वतःच्या उजव्या पायाकडे.

साक्षीदार पुढे आला. "भावजी, कोट कुठाय तो?"

"गेला."

"मग भोकं समोरून होती हे कुणी बघितलं?"

"मी."

"आणखी कुणी?"

"नाही."

साक्षीदारानं गर्दीकडे असं बघितलं, की बघा, मी काही बोलत नाही. "साक्षीला कुणी नाही म्हणजे… म्हणायला काय, कुणीही काहीही म्हणेल."

काकूंनी चष्मा चढवला आणि अक्षरांजवळ तोंड नेलं. "फार पुसट आलंय," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांत यावर कुणीतरी भुवयांबद्दल लिहून जाईल." पदराला टोचलेली सुई त्यांनी काढली. दोरा तिच्यात होताच, काळा, बटणांचा, दुहेरी. आणि त्या तिथेच उभ्या राहून टाके घालायला लागल्या.

दरवान धावत आला. "अहो काकू, काय करताय? त्यावर नुसतं लिहायचंय."

"मत देतेय मी माझं."

"पण ते कापड…"

"कापडच आहे. कागद असता तर दिलं नसतं."

नियमावलीत बहुधा हे नव्हतं. तो बाजूला उभा राहून बघायला लागला, आणि मग बाकीचेही. काकूंनी सगळं वाक्य घेतलं नाही. एकच शब्द घेतला, 'समोरून', आणि तो उलट्या टाक्यानं भरत गेल्या, टाका मागे, सुई पुढे, काजाला लागते तेवढीच शांतता लावून.

"ताई, तू कशाच्या जोरावर हे करतेस?" साक्षीदार म्हणाला. आवाज आता जरा उतरला होता. "तू होतीस का तिथे?"

"नव्हते."

"मग?"

"मी स्वतः तपासलंय," काकू म्हणाल्या. "पाच वेळा. एकदा तर लबाडीसुद्धा केली."

गर्दीला यातलं काही कळलं नाही. मास्तरांना कळलं. ते हात मागे बांधून उभे होते, लोकांकडे तोंड करून.

शब्द संपला. काकूंनी दोरा दातानं तोडला नाही. मास्तरांकडे हात केला. मास्तरांनी खिशातली छोटी कात्री काढली आणि भिरकावली, तशीच, लोकांच्या मधून. काकूंनी मान वर न करता ती झेलली, गाठ मारली, दोरा कापला. मग कापडाची कड उचलून मागची बाजू बघितली. उलटी बाजू बघितल्याशिवाय त्या कुठलंही काम हातावेगळं करत नाहीत.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "चला बॉबिन. घरी जाऊन तो फोटो लावायचाय."